वडिलांचं नाव नाही, तर पार्टी नाही

अरे, आमच्या म्युनिकच्या ऑफिसातला तो निखिल्या! ख्रिसमस पार्टीची आमंत्रणं पाठवणारा प्रोग्राम त्यानं लिहिला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने, आणि त्यातला एकही रिकामा दिसला की माणूस बाद.

पार्टीला पोचलो, तर भल्यामोठ्या हॉलमध्ये आम्ही चार मराठी टाळकी आणि शंभर माणसांचं जेवण!

मी म्हटलं, "जर्मन माणसं आणि उशीर?"

निखिल्यानं घाबरून आमच्या बॉसला, वेबरसाहेबांना, फोन लावला.

त्यांचा आवाज रडवेला. "मला आमंत्रणच नाही. वाटलं, नोकरी गेली."

"नाही हो सर! तुम्ही वडिलांचं नाव लावत नाही ना, म्हणून प्रोग्रामनं तुम्हाला गाळलं."

पलीकडून हळूच आवाज आला, "हेल्मुट. आता येऊ का?"