मी व्हॅन धुतली त्याची गोष्ट

नाही, पण मला सांगा, स्वच्छता करणं हा काय गुन्हा आहे? जो तो माझ्याकडे असा बघतोय, जणू मी कुणाचं घर पेटवलं! एक व्हॅन धुतली हो मी. आमच्या शिकवणी वर्गाची, माझ्यापेक्षा वयानं मोठी असलेली व्हॅन. कॉलेजातून बाहेर पडतानाच ठरवलं होतं, जिथे जाईन तिथली जळमटं काढीन. काढली! मुलींच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी बॉनेट उघडून आतलं सगळं घासूनपुसून लख्ख केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मागे नऊ मुली, पुढे वीस मिनिटांचा रस्ता, साडेदहाला केंद्राचं फाटक बंद, मी किल्ली फिरवली... कट्ट.

बस्स, कट्ट! पुढे काही नाहीच. पुन्हा फिरवली. कट्ट. मी घाबरले नव्हते, तुम्हाला सांगते. फक्त हाताला इतका घाम आला की किल्ली बोटांतून निसटायला लागली.

त्या नऊ जणींत एक आमची घड्याळबाई. दर थोड्या वेळानं किती वाजले ते सांगायची खोड. तिचे वडील कापडदुकानदार, पोरीला परीक्षेला बसवायलाच तयार नव्हते. तीन दिवस मी त्यांच्या दुकानात जाऊन भाषणं ठोकली. शेवटी टर्रकन कापड फाडत म्हणाले, "नेताय ना? न्या. पण पेपर बुडाला तर उद्यापासून ही इथे गल्ल्यावर बसेल, आणि तुम्ही माझ्या दारात पुन्हा दिसायचं नाही." मी छाती काढून म्हटलं, "जबाबदारी माझी!" काय गरज होती? कुणी विचारलं होतं?

आणि मागून आवाज, "ताई, नऊ बेचाळीस."

आमचे ड्रायव्हरमामा नेमके बहिणीकडे गेलेले. ते रोज गाडी कशी चालू करतात माहितीये? तीन वेळा अर्धी किल्ली, बॉनेटवर एक थाप, आणि "चल गं बाई!" मी नेहमी हसायचे. विज्ञानाची पदवी आहे माझ्याकडे! त्या दिवशी मी तीन वेळा अर्धी किल्ली फिरवली, थाप मारली, "चल गं बाई" म्हटलं, मग "चला हो बाईसाहेब" म्हटलं... कट्ट. दुसरं वाहन म्हणाल, तर आमचा वर्ग गावाबाहेरच्या गोदामात, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मग धक्का! सगळ्या उतरल्या, "एक, दोन, तीन!" गाडी हलली, पळायला लागली, अहो, मला इतका आनंद झाला... आणि लक्षात आलं, की मीसुद्धा मागूनच ढकलतेय! आत कोणीच नाही! समोर भिंत! धावत गेले, उघड्या दारातून आत उडी, ब्रेकवर दोन्ही पाय... भिंत वीतभर लांब. मी घाबरले नव्हते. फक्त उतरताना पाय कुठे आहेत ते सापडेना.

"ताई, नऊ एकावन्न."

मामांना फोन लावला. "मामा, नुसतं कट्ट होतंय!"

"दिवे लागतात?"

"लागतात, पण किल्ली फिरवली की विझतात."

"मग बॅटरीची तार सैल झालीये. तारेच्या चिमट्यात मी पत्र्याचा तुकडा खोचलाय, तो जरा दाबा."

बघते तर बॅटरी आरशासारखी, आणि चिमटा हलणाऱ्या दातासारखा डुगडुगतोय.

"मामा... तो गंजका होता का? तेलकट? बघताक्षणी फेकावासा वाटेल असा?"

पलीकडून, माणूस गेल्याची बातमी विचारतात ना, त्या आवाजात, "ताई, तुम्ही... साफ केलंत?"

"मामा, माफ करा!"

"माफी राहू द्या, पत्रा शोधा! पातळ, वाकणारा!"

कुठे शोधू? कचरा सकाळीच गेलेला, तोही मीच नियमानं पाठवलेला. कंपासपेटीचं झाकण जाड, केसांची पिन बारीक. आठ मुली जमिनीवर रांगतायत, आणि घड्याळबाई मात्र माझ्या ओढणीकडे टक लावून बघतेय.

"ताई, तुमचा बिल्ला."

आमच्या संस्थेनं समारंभात लावलेला पत्र्याचा बिल्ला! 'आदर्श कार्यकर्ती'! रोज पुसायचे हो मी तो.

"दुसरं काहीच नाही का गं?"

"ताई, दहा वाजून एक मिनिट."

काढला! दगडावर ठेवून दगडानं ठेचला. मामा फोनवरून ओरडतायत, "रंग खरवडा, रंगातून वीज जात नाही!" खरवडता खरवडता 'आदर्श' गेलं, 'कार्यकर्ती' तेवढी उरली. दुमडून चिमट्यात खोचला, तर टचकन ठिणगी उडाली! मी घाबरले नव्हते. फक्त पलीकडून मामांनी विचारलं, "कोण किंचाळलं?"

किल्ली फिरवली. घर्रर्रर्र!

दहा सत्तावीसला फाटकावर. मुली धावत आत. घड्याळबाई तेवढी वळली. "ताई, दहा अठ्ठावीस. आता श्वास घ्या."

घेतला. पण इंजिन बंद करेन तर शपथ! रखवालदार आला, "बाई, आत परीक्षा चाललीये, गाडी बंद करा." बंद? परत चालू नाही झाली तर? शेवटी केली बंद, आणि तीन तास त्या किल्लीकडे बघत बसले. हो, घाबरले होते! झालं समाधान? जाम घाबरले होते!

आल्या नऊही जणी, हसत. आणि गाडी? पहिल्या फटक्यात चालू.

आता बॉनेटच्या आत मी पाटी चिकटवलीये. 'येथील कोणतीही घाण काढू नये.' खाली सही माझीच... अध्यक्ष, स्वच्छता मोहीम.