अर्धं केळं

लॅबमध्ये रक्त द्यायला आलेले एक आजोबा आणि त्यांची मुलगी माझ्या शेजारी बसले होते.

“कसली तपासणी म्हणालीस?”

“सेरोटोनिनची, बाबा.”

“ते कमी झालं की माणूस उदास होतो, तेच ना? मग सुई कशाला टोचायची? मी तोंडानंच सांगतो की.”

“मनाचं यातून कळत नाही म्हणाले डॉक्टर. हे तुमच्या पोटातल्या गाठीसाठी आहे.”

“म्हणजे तुझी आई गेली, ते रक्तात कुठेच दिसणार नाही?”

“नाही, बाबा.”

“कमाल आहे.”

“केळं नाही ना खाल्लंत? केळ्यानं आकडा वाढतो. तीन दिवस बंद ठेवा म्हणून बजावलं होतं.”

“खाल्लं. काल.”

“बाबा! तुम्हाला तर केळं आवडतसुद्धा नाही!”

“तिला आवडायचं. पण अख्खं संपायचं नाही. अर्धं मोडून माझ्या ताटलीत टाकायची. जन्मभर कुरकुरत खाल्लं मी.”

“मग आता कोण जबरदस्ती करतंय?”

“कोणी नाही. मीच सोलतो, मोडतो, माझं अर्धं खातो.”

“आणि दुसरं?”

“तिच्या ताटलीत ठेवतो. संध्याकाळी काळं पडलं की तेही खातो. टाकवत नाही गं.”

रक्त घेणाऱ्या ताई दारात आल्या.

“आजोबा, केळं, अननस, टोमॅटो, काही खाल्लंय का?”

“केळं खाल्लंय त्यांनी.”

“मग पुढच्या आठवड्यात या. तोवर केळं बंद. जमेल ना, आजोबा?”

“माझं अर्धं बंद करीन. पण तिचं?”

“तिचं मला द्या ना, बाबा. माझीही आईच होती ती.”