लग्नाविना चौक

धामणकर नाक्यावर रिक्षाच्या रांगेत केसरीनाथांच्या पुढे एक वारली जोडपं हळू आवाजात भांडत होतं. ऐकू नये असं वाटूनही ते ऐकत राहिले.

“फादर बोलतो, त्याच्या इटलीत चर्चच्या भिंतीभर चित्रं असतात. इथल्या नव्या भिंतीवर आपली वारली पायजे. मरियम आईच्या भवती लग्नाचा चौक.”

“लगीन कोनाचं?”

“कोनाचं न्हाय.”

“मंग चौक कसला? तो लगीनघरच्या भिंतीवर, आन् सवाशिनींनीच काढायचा.”

“म्हनून तर तुला नेतोय.”

“मी न्हाय काढायची.”

“चंद्रा, रविवारी बिशप येनार.”

“येऊ दे.”

“चौक मी काढलाय.”

“तू?”

“कालच. मधी मरियम आईची जागा मोकळी ठेवलीय, तुझ्यासाठी.”

रिक्षा आली. चंद्रा आधी चढली.

“बस लवकर. पुसायला पानी हाय ना तिथं?”