लालबागचा पत्ता

हा किस्सा खरं तर दादाचा. तो गेल्यापासून मला सांगावा लागतो.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. परळच्या एका प्रयोगशाळेत एमएस्सीच्या संशोधनासाठी एकच जागा होती आणि ती मला हवी होती. मुलाखतीत सरांनी जीवरसायनातलं काही विचारलंच नाही.

"हरताळाच्या दिवशी सशांना खायला घालायला याल? राहता कुठे?"

"लालबागला. चालत येईन," मी ठोकून दिलं. आम्ही राहत होतो फणसवाडीत, पार गिरगावात.

जागा मिळाली आणि पुढच्याच आठवड्यात हरताळ. ट्राम नाही, बस नाही. सोबतीला दादा निघाला. "एमएस्सी तुझी आणि पाय माझे," भायखळ्यापर्यंत त्याचं हेच चाललं होतं.

पोहोचलो तर सर स्वतःच सशांना पालक घालत होते.

"अर्जावर फणसवाडी वाचली होती," ते मान वर न करता म्हणाले. "पण हो म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. तुम्हीही येणार नाही असं धरून मीच आलो."

जागा गेली, असं मी समजले. दादा घाम पुसत म्हणाला, "मग आम्ही परत जाऊ?"

"छे, उंदीर राहिलेत," म्हणत सरांनी चण्यांचा डबा दादाच्याच हातात दिला.