भिंतीवरलं तपकिरी बाळ

माहेर माझं अंकुशनगरचं, बाप साखर कारखान्यात कामाला, अन् मी जन्मले तीच काळी. आता काय सांगू तुम्हाला, आई पोटुशी व्हती तवा आजीनं तिच्या खाटेसमोर गोऱ्या बाळाचं चित्र लावल्तं, गुलाबी गाल, निळे डोळे, सकाळी उठल्याबरोबर तेच बघायचं, म्हंजे लेकरू तसंच व्हतं म्हणं. अन् झाले मी. आजी मरेस्तोवर आईला बोलत व्हती, तू चित्राकडं बराबर बघितलंच न्हाई. म्हंजे चूक चित्राची न्हाई, आईच्या डोळ्याची.

लग्न होऊन भोकरदनकडं या गावात आले, अंगणवाडीत सेविका म्हणून लागले, केस इथंच पिकले. आमच्याकडं एक चित्राचं पुस्तक हाये, त्यात राजकन्या गोरीपान अन् राक्षसीण काळीकुट्ट. गोष्ट झाली की लेकरं तोच खेळ खेळायची, अन् राक्षसीण कोण, तर आरती. चार वर्साची पोर, माझ्याच रंगाची. मी लई दटावलं, पण पुस्तकातच तसं हाये म्हटल्यावर लेकरं माझं कशाला ऐकतील? मंग एक दिवस पोर तोंडाला पांढरीफट पावडर थापून आली, कानापर्यंत, पापण्यांवर बी. मला म्हणती, बाई, आज मी राजकन्या व्हणार ना?

मला राग आला, असा राग आला की बस्स. खडूचा डबा काढला, तिला मांडीवर घेतलं अन् तपकिरी खडूनं राजकन्या रंगवून काढली, तोंड, हात, पाय, सगळी. राक्षसीण हिरवी केली, हिरवं माणूस आमच्या गावात कुणीच न्हाई. पुढं सुपरवायझर मॅडम आल्या, म्हणल्या, सरकारी पुस्तक खराब केलं तुम्ही. मी म्हटलं, मॅडम, खराब ते आधीच व्हतं, मी दुरुस्त केलं.

पण खरी गंमत पुढंच हाये. आरतीची आई दुसऱ्यांदा पोटुशी, अन् तिच्या सासूनं, सखूआक्कानं, भिंतीवर तसंच गोरं बाळ लावल्तं. पोरीनं काय करावं? खाटेवर चढून बाळ तपकिरी करून टाकलं, पार टाळूपासून अंगठ्यापर्यंत. आक्का तणतणत अंगणवाडीत आल्या, म्हणल्या, हे तूच शिकवलंस, नातू काळा झाला तर तुझ्या डोक्यावर. मी म्हटलं, मंग फाडून टाका की ते चित्र. पोटुशीच्या पुढचं बाळाचं चित्र फाडलं का उतरवलं तर अपशकुन व्हतो ना, कोण फाडणार? वर दुसरं चिकटवावं, तर बाळाचं तोंड झाकल्यासारखं व्हतं. तशाच तोंड पाडून घरी गेल्या.

आता सून रोज सकाळी उठून तेच बाळ बघून राह्यली. आठवा महिना लागलाय. आरती आता रोज येती, पावडर लावत न्हाई, अन् राजकन्या व्हायला भांडती, भांडू द्या. लेकरू धडधाकट यावं अन् माय सुखरूप सुटावी, एवढंच माझं देवाजवळ मागणं हाये. गोरं झालं तर कडेवर घेईन. काळं झालं तर पेढे मी वाटीन, अन् कुणी नाक मुरडलं तर सांगीन, या टायमाला आईनं चित्राकडं बराबर बघितलं.