अलार्मचा पंप

पंपांच्या दुकानात माझ्या पुढे एक नवरा-बायको होते. त्यांच्या मागे नवऱ्याचे वडील जळका पंप पोटाशी धरून उभे होते.

"तळघरात पाणी साचतं. तिथल्या खड्ड्यात बसवायला नवा पंप द्या. जुना गेला," नवरा म्हणाला.

"कशाने गेला?" दुकानदाराने विचारलं.

"ह्यांनी बसवला होता," बायको म्हणाली.

"व्हिडिओ बघून अगदी नीट बसवला होता," नवरा म्हणाला.

"नीटच. फक्त पंप बंद करणारा तरंगता फुगा भिंतीला अडकला. खड्डा कोरडा झाला तरी पंप आपला फिरतोय."

"मग हा घ्या. पंप बंद पडून पाणी चढलं, तर अलार्म वाजतो."

"अलार्म कशाला? बाबा खालीच झोपतात. पाय ओले झाले की हाक मारतात," नवरा म्हणाला.

"तळघरात झोपतात?"

"त्यांना गारवा आवडतो."

"वर खोली नाही का?"

"आहे एक, पण ती पाहुण्यांची," बायको म्हणाली.

"बरेच पाहुणे येतात वाटतं."

"अजून कोणी आलेलं नाही. पण ऐन वेळी आलं तर धावपळ नको."

वडिलांनी जुना पंप काउंटरवर ठेवला.

"अलार्मवालाच घे बाळा. मी उद्या तुझ्या ताईकडे राहायला जातोय."

"किती दिवस?"

"आता तिथेच."

मुलगा मग दुकानदाराकडे वळला.

"हा अलार्म वरच्या मजल्यावर ऐकू येईल ना?"