स्टिअरिंगचा प्ले

दवाखान्यात माझ्या शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर आणि त्यांची लेक नंबरची वाट बघत होते. त्यांच्या थरथरत्या तळहातावर सेन्सर बांधलेला, लेकीच्या मांडीवर लॅपटॉप आणि फरशीवर खेळण्यातली गाडी. हात जिकडे कलेल तिकडे ती पळायची.

"बाबा, हात थरथरतोय म्हणून नुसता थयथयाट चाललाय तिचा. द्या, मी चालवते."

"मग मी शिकणार काय? प्रोग्रॅम दाखव."

"हा बघा. हात जरा कलला की गाडी वळवायची."

"जरा कलला की? अगं, बसच्या स्टिअरिंगलासुद्धा दोन बोटं प्ले असतो. तेवढं हललं तरी चाक ढिम्म. इथेही तसंच पाहिजे."

"म्हणजे पंधरा अंशांच्या आत कलला, तर वळायचंच नाही. थांबा, लिहिते."

"तू नको. मला सांग, मी लिहितो."

एका बोटाने एक ओळ लिहायला त्यांना बराच वेळ लागला. मग गाडी सरळ भिंतीपर्यंत गेली आणि वळून परत आली.

"जमलं की, बाबा. आता हात कितीही थरथरू दे."

"कितीही कशाला? हातालाही स्थिर राहायला शिकवायचंय. पुढच्या सोमवारी या पंधराचे चौदा करायचे."